भुताचं पुस्तक मुलांच्या हातात द्यावं का?



आपली पुस्तकांची पेटी गावोगावच्या गटांत फिरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पेटी उघडली की पोरं आधी काय शोधतात, तेही तुम्ही बघितलं असेल. भुताचं पुस्तक! गेल्या दोन महिन्यांत त्यावरून दोन निरोप आले. एका ताईंनी कळवलं, "आमचा पोरगा आधीच रात्री एकटा अंगणात जात नाही. त्यात तुम्ही भुताची पुस्तकं वाटता. ती पेटीतून काढून टाका." दुसऱ्या गावातून निरोप आला, "माझी मुलगी शाळेच्या पुस्तकाशिवाय दुसरं काही हातात धरत नव्हती. भुताचं पुस्तक एका दुपारी संपवलं. असली आणखी आहेत का?"

दोघीही आयाच आहेत आणि दोघींचं म्हणणं मला पटतं. म्हणून आज यावरच बोलू.

पहिली गोष्ट. भुताच्या गोष्टी पुस्तकानं आणल्या नाहीत. त्या आपल्याकडं आधीपासूनच आहेत. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ, रानात वाट चुकवणारा चकवा, गावाच्या वेशीबाहेरचा वेताळ, कोकणातला गिरा. आपण कुणी या गोष्टी वाचल्या नाहीत, आजीकडून ऐकल्या. आणि आजी त्या उगाच सांगत नव्हती. कठडा नसलेल्या विहिरीवर तिन्हीसांजेला पोरानं जाऊ नये, म्हणून विहिरीवर हडळ बसवली. अंधारात रानात भटकू नये, म्हणून चकवा उभा केला. भीतीची गोष्ट म्हणजे एक प्रकारचं कुंपणच होतं.

विक्रम आणि वेताळ तर सगळ्यांना माहीत आहेत. 'चांदोबा' मासिकातून ती गोष्ट घराघरांत गेली. राजा विक्रम स्मशानातून प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. त्या प्रेतात वेताळ असतो. वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. या दोघांत अन्याय कुणी केला? खरा त्याग कुणाचा? उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर जाईन. आता बघा, गोष्ट भुताची, जागा स्मशानाची, पण पोराच्या डोक्यात विचार कसला सुरू होतो? न्याय-अन्यायाचा. भूत नुसतं निमित्त आहे.

आता जरा लांब जाऊ, थेट अमेरिकेत. लहान मुलांसाठी भुताच्या कादंबऱ्या लिहून जगभर गाजलेला माणूस तिथला आहे. त्यांचं नाव आर. एल. स्टाइन. जन्म १९४३ चा, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातला. नऊ वर्षांचे असताना त्यांना घराच्या माळ्यावर एक जुना टाइपरायटर सापडला आणि तेव्हापासून ते लिहू लागले. गंमत अशी, की पुढं कितीतरी वर्षं त्यांनी भुताचं नाही, विनोदाचं लिहिलं. मुलांसाठी चुटक्यांची पुस्तकं काढली, मुलांचं विनोदी मासिक चालवलं. मग १९९२ साली 'गूजबम्प्स' नावाची पुस्तकमाला सुरू झाली. गूजबम्प्स म्हणजे अंगावर येतो तो काटा. १९९७ पर्यंत त्या पहिल्या मालेत ६२ पुस्तकं निघाली. सगळ्या मालिका धरून आजवर ४० कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. ही पुस्तकं साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहेत.

पोरं यावर एवढी का तुटून पडली? पुस्तकाची घडण बघितली की कळतं. गोष्टीतला मुलगा किंवा मुलगी बारा वर्षांच्या आसपासची. म्हणजे वाचणाऱ्याच्याच वयाची, किंवा जरा मोठी. भाषा सोपी, वाक्यं छोटी, प्रकरणं तीन-चार पानांची. प्रत्येक प्रकरण अशा जागी संपतं की पुढचं पान उलटल्याशिवाय चैन पडत नाही. दार करकरतं, मागून कुणाचा तरी हात खांद्यावर पडतो, आणि प्रकरण संपतं. पान उलटावं तर तो हात धाकट्या भावाचा निघतो! पोर आधी दचकतं, मग हसतं. विनोद लिहिणाऱ्या माणसाचा हा हात आहे. भीती आणि हसू त्यानं एकाच पेंढीत बांधलं.

स्टाइन यांनी मुलाखतींत सांगितलेला एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. गोष्टीत काय घडतं ते खऱ्या जगात घडू शकत नाही, हे वाचणाऱ्या मुलाला पक्कं माहीत असलं पाहिजे. म्हणून आई-बापाची फारकत, नशा, मुलांवर होणारे अत्याचार, असली खरी दुःखं ते या पुस्तकांत आणत नाहीत. बोलणारा बाहुला आणतात, शापित कॅमेरा आणतात. पोरानं भ्यावं, पण ज्याला भ्यायचं ते खोटं असावं.

त्यातली एक गोष्ट थोडक्यात सांगते. पुस्तक १९९३ चं आहे, 'द हॉन्टेड मास्क', म्हणजे झपाटलेला मुखवटा. तिकडं ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो. आपल्याकडं शिमग्याला सोंगं घेतात ना, तशी पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार जातात आणि गोळ्या-चॉकलेट मागतात. गोष्टीतली मुलगी कार्ली बेथ. ती जरा भित्री. शाळेतली दोन पोरं तिची रोज थट्टा करतात. एकदा तर डब्यातल्या सँडविचमध्ये अळी घालून तिला घाबरवतात. तिला वाटतं, या सणाला मीच यांची बोबडी वळवते. आईनं तिच्यासाठी बदकाचा पोशाख तयार केलेला असतो. तो बाजूला टाकून ती दुकानाच्या मागच्या खोलीतला एक भयाण मुखवटा घेते. दुकानदार नको नको म्हणतो, पण ही हट्टानं घेते.

मुखवटा चढवला आणि पोरगीच बदलली. आवाज घोगरा झाला, अंगात राग शिरला. त्या दोन पोरांना तिनं घाबरवलं, पण मग थांबताच येईना. आणि मुखवटा काढायला गेली, तर त्याची कडच सापडेना. तो चेहऱ्याला चिकटला होता. ती धावत दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, हा मुखवटा नाही, जिवंत चेहरा आहे. तो निघेल तो प्रेमाच्या खुणेनंच.

प्रेमाची खूण कोणती? मैत्रिणींनो, आईनं आपल्या मुलीचा चेहरा प्लास्टरमध्ये घडवून एक मुंडकं बनवलं होतं, मायेनं. कार्ली बेथला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट सोंगाच्या वेळी तिनं ते काठीवर खोचून मिरवलं आणि टाकून दिलं. आता तेच शोधायला ती अंधारात पळते. ते सापडतं, आणि त्याच्याच जोरावर तो मुखवटा निघतो. शेवटी एक छोटासा धक्का आहे. तो मी सांगत नाही, पुस्तक वाचणाऱ्यासाठी ठेवते.

ही गोष्ट स्टाइन यांना सुचली ती घरातच. त्यांच्या लहान मुलानं रबरी मुखवटा घातला आणि तो काही केल्या निघेना.

आता सांगा, ही गोष्ट भुताची आहे का? वरून भुताची आहे. आत आहे ती रागाची गोष्ट. ज्या पोराला रोज चिडवतात, त्याच्या मनात सूड साठतो. सूडाचा चेहरा एकदा चढवला की उतरवणं अवघड जातं. आणि उतरतो तो आईनं केलेल्या मायेमुळं. अकरा वर्षांची मुलगी हे शब्दांत सांगणार नाही, पण तिला ते समजतं.

म्हणजे सगळं गोडच आहे का? नाही. अमेरिकेतही आई-बापांनी तक्रारी केल्या. १९९० ते १९९९ या दहा वर्षांत तिथल्या शाळांतून आणि वाचनालयांतून कोणती पुस्तकं काढून टाकायची मागणी सर्वांत जास्त झाली, याची यादी तिथल्या ग्रंथालय संघटनेनं केली आहे. त्यात गूजबम्प्स १५ व्या जागी आहे. आणि पहिल्या जागी कोण? तेही मुलांसाठीच्या भीतिकथांचं पुस्तक, आल्विन श्वार्ट्झ यांनी लोककथांवरून लिहिलेली मालिका. म्हणजे आपल्या ताईंनी जो निरोप पाठवला, तो तिकडच्या आयांनीही पाठवला होता. ही काळजी अडाणीपणाची नाही. पोराची झोप मोडली तर रात्रभर जागणारी आईच असते.

पण तिकडच्या आणि आपल्या काळजीत एक फरक आहे. तिथला वाद पुस्तकापुरता होता. आपल्याकडं भूत पुस्तक मिटलं तरी गावात राहतं. कुणाचं पोर आजारी पडलं, म्हैस आटली, सून रडायला लागली, की कुणीतरी म्हणतं, बाहेरचं आहे. मग देवऋषी येतो, लिंबू येतं, मिरच्यांची धुरी येते. आणि पुष्कळदा बोट एखाद्या बाईकडं जातं. एकटी, म्हातारी, विधवा, जिची जमीन कुणाच्या तरी डोळ्यांवर आलेली आहे अशी. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारकडं, बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या आणि गावाबाहेर काढल्याच्या घटना घडलेल्या आहेत. हे भूत पुस्तकातल्या भुतापेक्षा कितीतरी वाईट, कारण त्यात खऱ्या माणसाचा जीव जातो.

म्हणून कायदाही झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी कितीतरी वर्षं खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारनं वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी विधिमंडळात कायदा मंजूर झाला. आपण त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, बांधून ठेवणं, धुरी देणं, हा गुन्हा आहे. करणी करते म्हणून एखाद्या बाईला बदनाम करणं, हा गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडादोरा करणं, हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. तक्रार पोलीस ठाण्यात करायची.

तुम्ही म्हणाल, पुस्तकाचं बोलता बोलता ही कायद्यावर कुठं गेली? सांगते. मुलांसाठी भुताचं पुस्तक चांगलं की वाईट, हे ठरवायची कसोटी इथंच मिळते. पुस्तक हातात आलं की मी तीन गोष्टी बघते.

एक. गोष्टीतलं भूत खोटं आहे, हे पोराला कळतं का? बोलणारा बाहुला, जिवंत मुखवटा, पुस्तकातला राक्षस, हे कळतं. पण "ही सत्यघटना आहे, अमुक गावात घडली" असं सांगणारं पुस्तक मुलांच्या पेटीत नको.

दोन. दोष कुणावर टाकलाय? म्हातारी, कुरूप, एकटी बाई म्हणजेच चेटकीण, असं पुस्तक शिकवत असेल तर सावध राहायचं. गोष्ट म्हणून दिलंच, तर बाजूला बसून पोराला सांगायचं, की चेटकीण फक्त गोष्टीत असते. गल्लीतल्या आजीला कुणी तसं म्हणालं तर ते पाप आहे आणि गुन्हाही.

तीन. संकटातून सुटका कशी होते? पोर स्वतः डोकं चालवतं, भावाला हाक मारतं, उजेड करतं, आईकडं येतं, तर पुस्तक चांगलं. मांत्रिक येऊन मंत्र म्हणतो आणि सगळं बरं होतं, तर ते पुस्तक उद्या पोराला साप चावल्यावर चुकीच्या दारात नेईल. साप चावला तर मांत्रिक नाही. १०८ ला फोन आणि सरकारी दवाखाना. ते औषध तिथंच आहे.

चेटकिणीवरून आठवलं. आपल्या मराठीत रत्नाकर मतकरी यांचं उदाहरण बघण्यासारखं आहे. मोठ्यांसाठी त्यांनी लिहिलेल्या गूढकथा वाचून मोठी माणसं रात्री दिवा चालू ठेवतात. पण मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' नाटक लिहिलं, तेव्हा त्यातली चेटकीण अशी केली की पोरं तिला भितातही आणि खो खो हसतातही. दिलीप प्रभावळकर यांनी ती चेटकीण रंगवली आणि ती अजून लोकांच्या लक्षात आहे. लेखक तोच, पण मोठ्यांची मात्रा वेगळी आणि मुलांची वेगळी. औषधाचंही असंच असतं की नाही?

म्हणून मोठ्यांची पुस्तकं मुलांना द्यायची नाहीत. नारायण धारपांच्या कादंबऱ्या आपण वाचू, पण दहा वर्षांच्या पोराच्या उशाशी ठेवणार नाही. आणि मोबाईलवर भुताचे व्हिडिओ येतात, त्यांची तर पुस्तकाशी तुलनाच नको. पुस्तकातलं भूत पोर आपल्या मनानं रंगवतं, झेपेल एवढंच रंगवतं. जास्त वाटलं तर पुस्तक मिटतं. मोबाईलमधलं भूत दुसऱ्यानं रंगवलेलं असतं आणि ते अचानक अंगावर येतं. एक संपला की दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू होतो.

आता घरात काय करायचं ते सांगते.

पहिलं पुस्तक दिवसा वाचायला द्या, शक्यतो तुमच्यासमोर. तुम्हाला वाचता येत असेल तर एक प्रकरण तुम्ही वाचा, एक पोराला वाचू द्या. वाचता येत नसेल तर काही बिघडत नाही. उलट बरंच आहे. भाकरी थापता थापता म्हणा, "वाच मोठ्यानं, मी ऐकते." पोराला आपण आईला वाचून दाखवतोय याचा केवढा अभिमान वाटतो! आणि भीतीही दोघांत वाटली जाते. मध्येच थांबवून विचारा, "तुला काय वाटतं, दारामागं काय असेल?" शेवटी विचारा, "हे खरं घडेल का? का नाही घडणार?" पोर स्वतःच्या तोंडानं "नाही घडणार" म्हणालं, की ते त्याला पटतं. आपण दहा वेळा सांगून पटत नाही.

सगळी मुलं सारखी नसतात. एकाच घरात थोरली वाचून हसते आणि धाकटा रडतो. वाचल्यावर पोर रात्री दचकून उठत असेल, अंथरूण ओलं करत असेल, एकटं राहायला तयार नसेल, तर पुस्तक वर्षभर बाजूला ठेवा. "भित्रा कुठला" असं म्हणू नका. आणि दोन-तीन आठवडे झाले तरी भीती जात नसेल, तर कारण पुस्तकात नसेलही. शाळेच्या वाटेवर कुणी छळतंय का, घरातलं किंवा शेजारचं कुणी त्रास देतंय का, हे जवळ घेऊन, शांतपणे विचारा. पुष्कळदा पोराला खऱ्या माणसाचं नाव घेता येत नाही, म्हणून ते भुताचं नाव घेतं. त्या वेळी "भूत-बित काही नसतं" म्हणून विषय संपवू नका. ऐकून घ्या. गरज वाटली तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, चोवीस तास चालतो.

आणि एक खेळ सांगते, गटाच्या बैठकीत करण्यासारखा. मुलांनाही बोलवा. प्रत्येकीनं आपल्या गावची भुताची एक गोष्ट सांगायची. मग सगळ्यांनी मिळून शोधायचं, ही गोष्ट का निघाली असेल? पिंपळाखाली रात्री का जायचं नव्हतं? त्या विहिरीला तेव्हा कठडा होता का? हडळ म्हणजे बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत, असं लोक मानतात. मग त्या काळी किती बाया बाळंतपणात गेल्या असतील, याचा विचार करा. जिला दवाखाना मिळाला नाही, सुईणीचा हात वेळेवर मिळाला नाही, तिला आपण मेल्यावर हडळ केलं. ही गोष्ट मुलींना सांगा. त्यांची भीती कमी होईल आणि त्या बाईबद्दल माया वाटेल.

आता पेटीचं. भुताची पुस्तकं काढून टाका म्हणणाऱ्या ताईंशी आणि आणखी द्या म्हणणाऱ्या ताईंशी आम्ही बोललो, आणि दोघींना पटेल असं ठरलं आहे. मुलांसाठीची भुताची पुस्तकं पेटीत राहतील, पण वेगळ्या कापडी पिशवीत. पिशवीतलं पुस्तक न्यायचं तर आई, आजी किंवा मोठ्या बहिणीनं बरोबर यायचं. पहिल्या पानावर आपण ते तीन प्रश्न चिकटवणार आहोत: भूत खोटं आहे हे कळतं का, दोष कुणावर टाकलाय, सुटका कशी होते. ज्या पुस्तकाचं उत्तर नीट येणार नाही, ते गटानं परत पाठवायचं. पेटी तुमची आहे, निवडही तुम्हीच करायची.

तुमच्या गावच्या गोष्टी आम्हाला जरूर कळवा. गोष्टीमागचं कारण सापडलं असेल तर तेही कळवा. निवडक गोष्टी आपण रेडिओवर मुलांच्याच आवाजात ऐकू.

आज इथंच थांबते. पोरांना सांगा, कंदील घेऊन अंगणात जायचं, आणि आई दारात उभी आहे. नमस्कार.